दहा फूट खाली

मी कुलरवाला. वरोऱ्यापासून माजरीपर्यंत
मार्च लागला की माझाच फोन वाजतो.
टुल्लू जाम, ताटी कुजली, मोटर बसली,
"भाऊ, याजी लवकर, लेकरू झोपत नाही."
मी जातो. वाळा बदलतो, पातं सरळ करतो,
अर्थिंग तपासतो.
अर्थिंग दोनदा तपासतो,
शेषरावचा हात ओल्या पत्र्याला चिकटला
त्या वर्षापासून.

उपकेंद्राच्या टेकाम सिस्टरनं बोलावलं
तेव्हा पाना-पेचकस घेऊनच गेलो.
तिथं कुलर नव्हता. चर होता,
शंभर फूट लांब, दहा फूट खोल,
आणि काठावर चिचघरे मॅडम, नव्या इंजिनिअर,
तोंडाला दुपट्टा, भुवयांवर माती.
"पाईप पुरायचा. वारा जमिनीतून फिरवून
बाळंतिणीच्या खोलीत सोडायचा."
मी म्हटलं, "अन् बर्फ कुठी टाकता?"
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उतरा खाली."

उतरलो.
वरची काळी तव्यासारखी, भेगेत पंजा जाईल,
मग चोपण, मग पिवळा मुरूम,
आणि मुरमाला पाठ टेकली तर,
काय सांगू,
वाळूतल्या रांजणाला गाल लावावा तसं.
वर सेहेचाळीस.
खाली मे महिना लागल्याचं
कुणी कळवलंच नव्हतं.

बराच वेळ वर आलो नाही.
गोसाई ओरडला, "झोपले काजी भाऊ?"

वर आलो तर पश्चिमेला
खाणीच्या मातीचा तो डोंगर, रोजचाच.
तिथं दोनशे फूट खोदून काळा दगड काढतात,
वाघिणीत भरतात, जाळतात,
राख आपल्याच वाळत्या लुगड्यांवर बसते,
मग तारेतून थोडा गारवा येतो
आणि ऐन दोन वाजता लाईन जाते.
एवढा वळसा.
आणि ही इथं, हाकेच्याही अलीकडे,
पडून होती निवांत.

पाईपला उतार दिला, तोंडाला जाळी बसवली.
छताला चुना मारला तीन हात.
पंखा मी जोडला, सौर पाटीवरचा,
टुल्लूपेक्षाही कमी खाणारा.
पहिल्या दिवशी सगळे झरोक्याकडे बघत उभे.
खरं सांगतो, थंड नव्हता वारा.
कुलरसारखा गुरगुरत अंगावर आला नाही,
चपला बाहेर काढून कुणी घरात यावं
तसा आला.
वर्षा चापलेची सासू म्हणाली,
"आवाजच नाही, हे चालू हाय का बंद?"
सिस्टरनं वहीत लिहिलं:
बाहेर सेहेचाळीस, आत एकतीस.
त्याच पानावर, चार ओळी खाली:
मुलगी, दोन किलो आठशे, दुपारी दोन चाळीस.
लाईन नव्हती.

पौषात सिस्टरचा फोन,
"तुमचं ते बिघडलं वाटते. गरम फेकून राहिलं."
पहाटे गेलो, गाडीवर बोटं आखडलेली.
बाहेर नऊ. झरोक्याशी हात धरला,
कोमट,
नुकतंच कुणी अंथरुणातून उठावं तसं.
म्हटलं, "बिघडलं नाही सिस्टर.
तिले थंडीचंही कोणी सांगतलं नाही."

माझ्या धंद्याचं विचाराल तर
ह्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही,
हीच अडचण.
महिन्यातून एकदा जाळी झाडायला जातो तेवढंच.
मागच्या खेपेला पाईपच्या तोंडाशी बेंडूक,
हा गारवा त्याला बापजाद्यांपासून ठाऊक,
माझ्याकडे बघत होता
जसं मीच उशिरा आलो.
उचलून नाल्यात सोडला.
ह्या खेपेला पुन्हा तिथंच.

बिलावर लिहिलं:
जाळी सफाई, बेंडूक एक.
पन्नास रुपये.
सिस्टरनं बेंडूक खोडला,
पन्नास राहू दिले.